टोकन मुलाचे, क्लब कोणाचा?

प्रश्न : मुरुडला (ता. दापोली) आमचा पर्यटकांसाठी खोल्या आणि घरगुती जेवणाचा व्यवसाय आहे. मुलगा मुंबईत नोकरीला असतो. त्याला फुटबॉलचे वेड. अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचा सामना असला की सुट्टी टाकून जातो, आणि मँचेस्टर सिटीच्या सामन्यांसाठी रात्र-रात्र जागतो. दोन वर्षांत त्याने ॲपवरून परदेशी क्लबांची 'फॅन टोकन' घेतली, चाळीसएक हजारांची. म्हणतो, "आई, आता क्लबच्या निर्णयात माझंही मत आहे." त्याचे मित्र मात्र चिडलेत. पैसेवाल्यांनीच क्लब चालवायचा, तर तिकीट काढून घसा फोडणाऱ्यांनी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीत सगळे इथे आले की आमच्या पडवीत याच्यावरूनच वाद. मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. हे टोकन म्हणजे शेअर आहे का? आणि आता भाव पडलाय, तर विकल्यावर कराचं काय?
— एक वाचक, मुरुड

उत्तर : ताई, शेअर नाही. शेअरचा चुलतभाऊसुद्धा नाही.

कंपनीचा समभाग घेतला की तुम्ही कंपनीचे सभासद होता. आपल्या कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४७ ने सभासदाला सभेत मताचा हक्क दिला आहे, आणि कारभार अन्यायाने चालत असेल तर पुरेसे भागधारक एकत्र येऊन कलम २४१ खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. परदेशातल्या क्लबाला त्या-त्या देशाचा कायदा लागू होतो, पण तत्त्व तेच. टोकनधारक सभासद नसतो. त्याला लाभांश नाही, ताळेबंद मागण्याचा हक्क नाही, क्लब विकला तर विक्रीत वाटा नाही. त्याच्याकडे असतो तो ॲप चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा एक करार. क्लब जेव्हा आणि ज्या विषयावर कौल घेईल, तेव्हा बटण दाबण्याची मुभा, एवढेच त्या करारात असते. तो बहुतेक न वाचताच 'मान्य' केलेला असतो.

आता हे कौल कशाचे असतात ते बघा. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी सोशिओस. तिच्यामार्फत बार्सिलोनाने २०२० च्या जूनमध्ये टोकन काढले, एकाची किंमत २ युरो. दोन तासांच्या आत सुमारे १३ लाख डॉलरची टोकन संपली. धारकांना पहिला प्रश्न काय विचारला? खेळाडूंच्या ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर कोणते चित्र लावायचे. युव्हेंटसने गोल झाल्यावर कोणते गाणे वाजवायचे ते विचारले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२१ मध्ये, बार्सिलोनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि जोआन लापोर्ता निवडून आले. त्या निवडणुकीत मत होते ते क्लबच्या वर्गणीदार सभासदांना. हे सभासद लाखाच्या वर आहेत आणि त्यांना तिकडे 'सोसिओ' म्हणतात. टोकन कंपनीने नाव कुठून घेतले ते यावरून ध्यानात येईल. नाव सभासदाचे घेतले, हक्क मात्र घेतले नाहीत.

त्यामुळे मुलाच्या मित्रांची भीती मला अर्धीच पटते. टोकनवाले क्लब चालवतील, असे कुठल्याही मोठ्या क्लबात आज दिसत नाही. प्रश्न क्लब ठरवतो, पर्याय क्लब ठरवतो. तिकीटदर, प्रशिक्षक, मैदान, मालकी या विषयांवर कौल निघतच नाही. मला खटकते ते दुसरेच. इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांच्या चाहत्यांच्या संघटना आहेत, आणि त्यांना आतापर्यंत फुकट सल्लामसलतीला बोलावले जायचे. 'चाहत्यांचे मत घेतले' असे म्हणायला क्लबाला ॲपवरचा कौल पुरेसा वाटू लागला, तर ही बैठक हळूहळू बंद पडते. २०१९ मध्ये वेस्ट हॅमच्या चाहत्यांनी नेमका याच मुद्द्यावर आवाज उठवला : मत मांडायला पैसे का मोजायचे? तो करार पुढे टिकला नाही. शिवाय टोकन बाजारात विकता येते, म्हणून ते घेणाऱ्यांत क्लबचा एकही सामना न पाहिलेला, फक्त भाव वर जाण्याची वाट बघणारा माणूसही असतो. जास्त टोकन म्हणजे साधारणपणे जास्त वजन. काही कौलांत कमाल मर्यादा असते, काहींत नसते.

टोकनवाल्यांना खरोखरच मोठा निर्णय दिल्याचे उदाहरण हवे असेल तर ते छोट्या क्लबात सापडते. एप्रिल २०२२ मध्ये क्रॉली टाउन हा इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला क्लब वॅग्मी युनायटेड नावाच्या गटाने घेतला. या गटाने एनएफटी (एकमेव नोंद असलेली डिजिटल टोकन) विकली आणि घेणाऱ्यांना विचारले, की कोणत्या जागेवरचा खेळाडू आणावा. पुढच्या मोसमात क्लबने एकामागून एक प्रशिक्षक बदलले आणि २४ संघांत २२ वा येऊन खालच्या श्रेणीत जाता-जाता वाचला. हा दोष मी मतदानाला देणार नाही, कारण मे २०२४ मध्ये त्याच मालकांच्या हाताखाली हाच क्लब वरच्या श्रेणीत गेला, आणि वर्षभरात परत खाली आला. याआधी, २००८ मध्ये, एब्सफ्लीट युनायटेडवर इंटरनेटवरच्या हजारो लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड भरून ताबा मिळवला होता. तिथे माणशी एक मत होते, संघनिवडीपर्यंत मत देण्याची कल्पना होती, आणि त्याच वर्षी संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली. मग उत्साह ओसरला, सभासद आटत गेले आणि २०१३ मध्ये क्लब दुसऱ्या मालकाकडे गेला. मला विचाराल तर एब्सफ्लीटचा प्रयोग फसला तरी प्रामाणिक होता. जेवढे मत तेवढीच जबाबदारी तिथे होती.

आता तुमच्या मुलाच्या दोन 'सिटीं'कडे येऊ. मँचेस्टर सिटीचे टोकन २०२१ मध्ये आले, पण त्या टोकनाचा मुंबई सिटीशी काही संबंध नाही. मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के भाग घेतले, आणि २०२५ च्या अखेरीस, भारतातल्या लीगचे भवितव्य अधांतरी असताना, ते काढून घेतले. एवढ्या मोठ्या दोन्ही निर्णयांत चाहत्यांचा हात नव्हता. पुणेकरांचे तर त्याहून वाईट झाले. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. बालेवाडीत पाच वर्षे नारंगी जर्सी घालून गेलेल्यांना अचानक कळले, की आपला संघ आता आपल्या शहरात नाही. त्यांच्या खिशात शंभर टोकन असती तरी काय होणार होते?

उलट कोलकात्यात टोकन नसताना लोकांनी क्लबाला नमवले. २०२० मध्ये मोहन बागान आणि शहरातलाच दुसरा क्लब एटीके एकत्र झाले. नव्या कंपनीत ८० टक्के वाटा आरपी-संजीव गोएंका समूहाचा, २० टक्के जुन्या क्लबाचा, आणि नावापुढे 'एटीके' लागले. चाहत्यांनी तीन वर्षे फलक, घोषणा, बहिष्कार यांचा मारा चालू ठेवला. मार्च २०२३ मध्ये संघाने लीगचा अंतिम सामना जिंकला त्याच रात्री 'एटीके' काढत असल्याची घोषणा मालकांनी केली. कायद्याने त्यांच्यावर तसे बंधन नव्हते. पण मोकळी गॅलरी कुठल्याही मालकाला परवडत नाही.

कायद्याने हक्क द्यायचा तर तो कसा देता येतो, याचे नमुने आहेत. जर्मनीत १९९८ पासून, एखाद-दुसरा अपवाद सोडता, क्लबच्या सभासद-संस्थेकडे निम्म्याहून एक मत जास्त राहिलेच पाहिजे असा लीगचा नियम आहे. बाहेरचा गुंतवणूकदार पैसा आणू शकतो, बहुमत विकत घेऊ शकत नाही. ब्रिटनने २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या फुटबॉल कारभाराचा स्वतंत्र कायदा केला आणि नियामक नेमला. क्लबचे मानचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर आता चाहत्यांचा कौल बघावा लागेल. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकाने निळ्या संघाला लाल जर्सी चढवली, आणि ती परत निळी व्हायला २०१५ उजाडले. अशा प्रसंगांतून हा नियम आला. यातल्या कुठल्याच हक्कासाठी टोकन लागत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही.

आता पैशांचे. इथे जरा सावकाश वाचा, कारण इथेच लोक फसतात.

आपल्या आयकर कायद्याच्या दृष्टीने फॅन टोकन ही आभासी डिजिटल मालमत्ता आहे, म्हणजे बिटकॉइनच्याच पंगतीतली. दुकानाचे गिफ्ट कार्ड, विमान कंपनीचे माइल्स, खरेदीवरचे रिवॉर्ड पॉइंट सरकारने जून २०२२ च्या अधिसूचनेने यातून वगळले आहेत. 'हे तर चाहत्यांचे पॉइंट' असे म्हणून फॅन टोकन त्यात बसवता येणार नाही, कारण ते बाजारात विकले जाते. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. खरेदी किमतीशिवाय दुसरी कुठलीही वजावट नाही. ॲपचे शुल्क नाही, इंटरनेटचा खर्च नाही. करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेचा आडोसाही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला, त्यात कलमांचे आकडे बदलले, दर तोच राहिला.

सर्वांत कडक भाग तोट्याचा. समजा, मुलाने मँचेस्टर सिटीची टोकन ३०,००० रुपयांना घेतली आणि ८,००० ला विकली, म्हणजे तोटा २२,०००. पॅरिस सां-जर्मांची टोकन १०,००० ला घेऊन १८,००० ला विकली, म्हणजे नफा ८,०००. घरचा हिशेब सांगतो की एकूण १४,००० चे नुकसान. आयकराचा हिशेब तसे सांगत नाही. एका टोकनाचा तोटा दुसऱ्या टोकनाच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पगारातूनही नाही, आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. त्यामुळे ८,००० वर २,४०० कर आणि ९६ उपकर, म्हणजे २,४९६ रुपये भरायचे. चौदा हजार गमावून वर अडीच हजारांचा कर.

आणखी एक खाच. अशा ॲपवर बहुधा आधी चिलीझ नावाचे त्यांचे चलन घ्यावे लागते आणि ते देऊन टोकन मिळते. एक आभासी मालमत्ता देऊन दुसरी घेणे हेही हस्तांतरच. चिलीझचा भाव मधल्या काळात वाढला असेल, तर टोकन घेतानाच करपात्र नफा झालेला असतो आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराची तारीख, त्या दिवसाचा रुपयातला भाव आणि बँकेची नोंद काढून ठेवायला सांगा. विवरणपत्रात या व्यवहारांसाठी वेगळे परिशिष्ट आहे. जुलै २०२२ पासून यावर १ टक्का टीडीएसही आहे. मोबदला देणारा पगारदार असेल तर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या मोबदल्यावर तो कापावा लागत नाही. भारतीय एक्सचेंज तो स्वतः कापते, परदेशी ॲप कापेलच असे नाही. कापला नाही म्हणजे कर माफ, असा अर्थ घेऊ नका. टोकन परदेशी ॲपच्या खात्यात असतील तर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्याबद्दल तुमच्या सीएला जरूर विचारा.

विकावे की ठेवावे, ते मी सांगणार नाही. एवढे मात्र सांगतो, की 'मत मिळते' म्हणून ठेवायचे असेल, तर गेल्या वर्षभरात त्याने किती कौलांत मत दिले आणि कशावर दिले, ते त्यालाच पडवीत बसून सांगू दे.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या मंडळाची पावसाळ्यात फुटबॉल स्पर्धा असते. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहे. मुंबईकर मुलांनी सुचवले, की ५०० रुपयांचे डिजिटल टोकन काढू, एक टोकन एक मत. जर्सी, प्रायोजक, कर्णधार, सगळे टोकनधारक ठरवतील, आणि नको असेल त्याने टोकन दुसऱ्याला विकावे. मुलांचा हेतू चांगला आहे. पण समुद्राच्या बाजूला बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी लगेच दोनशे टोकन घ्यायची तयारी दाखवली, आणि आता जुनी माणसे बिथरली आहेत. कायदा काय म्हणतो?
— मंडळाचे एक पदाधिकारी, मुरुड

उत्तर : जुनी माणसे बरोबर बिथरली आहेत. बार्सिलोनात जे होणार नाही ते तुमच्या वाडीत होऊ शकते, कारण तुमच्याकडे एक लाख रुपयांत बहुमत मिळते.

आपल्याकडची बहुतेक मंडळे संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० या दोन्हींखाली नोंदलेली असतात. अशा मंडळात मत असते सभासदाचे, आणि सभासद कोण ते तुमची नियमावली ठरवते. नियमावलीत माणशी एक मत असेल, तर टोकनवर झालेले मतदान म्हणजे गप्पा. विश्वस्तांवर ते बंधनकारक नाही, आणि विश्वस्तांनी ते बंधनकारक मानून मंडळाचे पैसे खर्च केले, तर जाब त्यांनाच विचारला जाईल. 'टोकनवाल्यांनी सांगितले' हे उत्तर रत्नागिरीच्या सहायक धर्मादाय आयुक्तांसमोर टिकणार नाही. याच अनुषंगाने एक खोडकर सूचना. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत नसते. तेव्हा आधी बिथरलेल्यांच्या पावत्या तपासा.

पैसे गोळा करण्याची बाजू याहून नाजूक आहे. 'नंतर विकून पैसे परत मिळतील' किंवा 'बक्षिसातून वाटा देऊ' असे छापलेत, तर ही वर्गणी राहत नाही. परतीचे वचन देऊन पैसे घेतले की ते अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ च्या कक्षेत जाण्याची भीती असते, आणि तिथे शिक्षा तुरुंगवासाची आहे. टोकन खुलेपणाने विकता येत असेल, तर ते पुन्हा आभासी डिजिटल मालमत्ता ठरते. मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अशी मालमत्ता काढून विकण्याशी संबंधित वित्तीय सेवा देणाऱ्यांवरही मनी लाँडरिंग कायद्याखाली नोंदी ठेवण्याचे आणि कळवण्याचे दायित्व घातले आहे. स्पर्धेच्या दोन चेंडूंसाठी एवढा व्याप कोण करणार?

मुलांना हवे आहे ते दुसऱ्या मार्गाने सहज मिळते. मुंबई-पुण्यातल्यांना रीतसर सभासद करून घ्या. त्यांना सभेला येता येत नसेल, तर दूरस्थ हजेरीची तरतूद नियमावलीत दुरुस्ती करून आणा. बंगलेवाल्या गृहस्थांची देणगी आनंदाने घ्या. त्यांना हितचिंतक म्हणा, पावती द्या, जर्सीवर नाव घाला, पण मत एकच, तेही सभासद झाले तर. मंडळाला देणगीवरच्या कर सवलतीची (जुन्या कायद्यातल्या ८० जी ची) मान्यता असेल, तर त्यांना कर सवलतीसाठी रक्कम बँकेतून द्यायला सांगा, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. जर्सीच्या रंगाचा कौल व्हॉट्सॲपवर घ्या, त्याला पाचशे रुपये कशाला? कर्णधार मात्र प्रशिक्षकाने निवडावा, हे माझे फुटबॉलप्रेमी म्हणून मत. कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : टोकनच्या ॲपवरून पैसे काढता येत नाहीत. 'तपासणी चालू आहे' एवढेच उत्तर येते. तक्रार कुठे करू?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आधी बघा, की ते ॲप किंवा एक्सचेंज केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेले आहे का. डिसेंबर २०२३ मध्ये या विभागाने नऊ परदेशी प्लॅटफॉर्मना नोटिसा दिल्या होत्या. नोंदणी असली तरी पैसे सुरक्षित, असा अर्थ नाही. भारतीय एक्सचेंज असलेल्या वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे २,००० कोटी रुपयांची मालमत्ता गेली आणि ग्राहक दीर्घकाळ अडकून पडले. सेबी आणि रिझर्व्ह बँक या व्यवहारांत तुमच्या बाजूने उभ्या राहणार नाहीत, कारण हे त्यांच्या अखत्यारीतले साधन नाही.

ॲप बनावट वाटत असेल तर आजच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथे तास महत्त्वाचे असतात. ॲप खरे असून सेवा देत नसेल, किंवा जाहिरातीत धोका लपवला असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. ती ऑनलाइन दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. कंपनी दोन हरकती घेईल : करारात लवाद परदेशात आहे, आणि तुम्ही नफ्यासाठी उलाढाल करत होता म्हणून 'ग्राहक' नाही. दुसऱ्या हरकतीला उत्तर म्हणून तुमचे व्यवहार किती थोडे होते आणि टोकन चाहता म्हणून घेतले होते, हे दाखवावे लागेल.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये आर्सेनलच्या फॅन टोकनच्या दोन जाहिराती बंद करायला लावल्या. ग्राहकांच्या अननुभवाचा फायदा घेतला आणि गुंतवणुकीचा धोका हलका करून दाखवला, असा ठपका होता. आपल्याकडेही १ एप्रिल २०२२ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार क्रिप्टो आणि एनएफटीच्या जाहिरातीत ही उत्पादने अनियंत्रित आणि जोखमीची असल्याचा इशारा देणे आवश्यक आहे. तुम्ही पाहिलेल्या जाहिरातीत तो नसेल, तर तक्रारीत तारखेसह तसे लिहा.